लोत्रेकची छापचित्रं: पोस्टरच्या पलीकडचं

वर एका प्रतिसादात म्हटलंय की फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकची छापचित्रं म्हणजे शेवटी नाचघरांच्या जाहिराती. अर्धं मान्य. 1891 चं मूलाँ रूज या नाचघराचं पोस्टर पॅरिसच्या भिंतींवर डकवायलाच काढलं होतं. पण 1893 मधलं लोई फुलरचं चित्र पाहा. त्यावर ना नाचघराचं नाव, ना एक अक्षर.

ही अमेरिकन नर्तिका पॅरिसच्या फोली बेर्जेर नाट्यगृहात लांब काठ्यांवर रेशमाचे घोळ फिरवायची आणि त्यावर रंगीत विजेचे झोत पडायचे. रंगमंचावरचा प्रकाश क्षणाक्षणाला बदलतो, तो शिळाछापात, म्हणजे दगडावर चित्र काढून छापताना, आणायचा कसा? लोत्रेकने साधारण 60 प्रती काढल्या आणि शाईचे रंग प्रतीगणिक बदलले, वर सोनेरी-चंदेरी पूड भुरभुरली. म्हणजे एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्यात तर एकात ती जांभळट, दुसऱ्यात पिवळसर. बाई जवळजवळ दिसतच नाही. इवलंसं डोकं, खाली पावलं, मध्ये नुसता कापडाचा ढग. मला तर हे त्याच्या सगळ्या पोस्टरांपेक्षा सरस वाटतं (त्याच्या पोस्टरांवरची दुसरी नर्तिका जेन आव्रिल, तिचे चाहते रागावतील).

त्यांच्यासाठी एक भर: त्याच वर्षी ‘लेस्ताँप ओरिजिनाल’ या छापचित्रसंचाच्या मुखपृष्ठावर त्याने आव्रिलला थेट छापखान्यात उभी केलीय. ती हातात ताजा छाप धरून निरखतेय, मागे म्हातारा छपाईकार कोतेल छपाईयंत्र चालवतोय. रात्री नाचणारी बाई, दिवसा छापखान्यात, तीही गिऱ्हाइकाच्या चोखंदळपणे.