घरच्यासारख्या सीएने सगळ्यांचं केवायसी मागितलंय, द्यायचं का?

रामबागची_लेक:
नमस्कार मंडळी, इंदूरचे कोणी सीए किंवा धंदेवाले असतील तर प्लीज सांगा. आमचं सियागंजात पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे, बाबा आणि काकांची भागीदारी होती, काका गेल्यापासून त्यांच्या जागी काकू. आता मी, माझा भाऊ आणि चुलतभाऊ असे तिघं आत येतोय म्हणून एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची नोंदणीकृत भागीदारी, करायचं चाललंय. सीए जुनेच, आधी त्यांचे वडील आमचं काम बघायचे आता मुलगा बघतो. परवा त्याच्या ऑफिसातून ही लांबलचक यादी आली, पाचही जणांचं आधार, पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा, जुनी डीड, कोणाचा हिस्सा किती टक्के, भांडवल कुठून आणणार आणि वर एक फॉर्म की खरा लाभधारक मालक कोण. बाबा जाम भडकलेत, म्हणाले ज्याच्या मुंजीत मी पंगतीला वाढत होतो तो मला विचारतो तुम्ही कोण म्हणून. इतकी वर्षं रिटर्न भरले तेव्हा नाही लागलं हे सगळं. खरंच असा कायदा आहे का ऑफिसवाले उगाच करून राहिलेत? चुलतभावाचा हिस्सा तर फक्त ८ टक्के आहे त्याचंही लागेल का? आणि बाबा आता राजेंद्र नगरला राहतात पण आधारवर पत्ता अजून रामबागचाच आहे.

ताळेबंद_भिया:
ताई, मी प्रॅक्टिसमध्ये आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो, बाबांनाही वाचायला द्या.

कायदा आहे. मनी लाँड्रिंगचा, म्हणजे काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचा कायदा २००२ चा, लागू झाला १ जुलै २००५ पासून, पण तेव्हा मुख्यतः बँका, फायनान्स कंपन्या, शेअर ब्रोकर असे लोक त्यात होते. ३ मे २०२३ ला अर्थ मंत्रालयाने नोटिफिकेशन काढलं आणि प्रॅक्टिस करणारे सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) आणि कॉस्ट अकाउंटंट त्यात आले. मात्र सरसकट नाही, क्लायंटच्या वतीने ठरावीक पाच प्रकारचे व्यवहार केले तरच. ते म्हणजे घर-जमीन घेणं विकणं, क्लायंटचे पैसे किंवा शेअर सांभाळणं, त्याची बँक खाती चालवणं, कंपनीसाठी भांडवल गोळा करून देणं, आणि कंपनी, एलएलपी, ट्रस्ट काढणं चालवणं किंवा धंद्याची खरेदी-विक्री. नुसतं रिटर्न भरणं यात कुठेच नाही, म्हणून तुम्हाला आजवर कोणी विचारलं नाही. काम बदललंय म्हणून कागद बदललेत, ओळख तीच आहे हे त्यालाही माहितीये. ऑडिटसाठी आमच्या इन्स्टिट्यूटचे केवायसीचे नियम तर १ जानेवारी २०१७ पासूनच बंधनकारक आहेत, पण खरं सांगू का, जुन्या क्लायंटकडे ते मागायला आमच्यातल्या अर्ध्या लोकांची जीभ रेटत नाही.

आता ८ टक्क्यांचं. भागीदारीत भांडवलात किंवा नफ्यात १० टक्क्यांहून जास्त वाटा असलेला माणूस लाभधारक मालक धरतात. आधी ही मर्यादा १५ होती, सप्टेंबर २०२३ मध्ये १० वर आणली. म्हणजे त्या फॉर्ममध्ये चुलतभाऊ येणार नाही. पण तो पार्टनर आहे, एलएलपीच्या रजिस्ट्रेशनला त्याची ओळख आणि पत्ता असाही लागतो, तेव्हा त्याचे कागद चुकत नाहीत.

भांडवल कुठून हे विचारतात त्यात संशय नसतो, नियमात गरजेप्रमाणे पैशाचा स्रोत बघा असं आहे. एक ओळ लिहा की दुकानाच्या खात्यातून आणि अमुक एफडी मोडून, बस. हे कागद त्याला काम संपल्यावरही ५ वर्षं जपून ठेवावे लागतात, आणि चुकला तर दर चुकीमागे १० हजारांपासून १ लाखापर्यंत दंड आहे, त्यामुळे मुंजीतली पंगत त्याला वाचवणार नाही :)

सियागंज_सेठ:
भिया सगळं खरं पण आम्ही दुकानदार माणसं किती जणांना कागद द्यायचे? बँकेला दिले, जीएसटीला दिले, सिमकार्डवाल्याला दिले, आता सीएला. आणि ज्याला काळं पांढरं करायचंय तो कागद आधी तयार ठेवतो हो, अडतो तो तुमच्या-आमच्यासारखा ज्याच्या लाइट बिलावर अजून आजोबांचं नाव आहे. आणि ऐकलंय की सीएला संशय आला तर तो वर कळवतो आणि आपल्याला सांगतही नाही, हे मला काही पटत नाही, फी आपण द्यायची आणि चुगली आपलीच?

ताळेबंद_भिया:
सेठ, बरोबर ऐकलंय. संशयास्पद वाटलं तर दिल्लीच्या एफआययूला, म्हणजे असे व्यवहार तपासणाऱ्या सरकारी कचेरीला कळवायचं आणि क्लायंटला सांगायचं नाही, सांगितलं तर आम्हीच गोत्यात. पाठीला डोळा ठेवल्यासारखं वाटतं, मान्य. पण नवराबायकोत वाटा कमीजास्त केला, एफडी मोडली, यावर कोणी कळवत नसतं. कळवायचं ते कसं, की नवा माणूस येतो, त्याला आठ दिवसांत तीन कंपन्या काढायच्या असतात, डायरेक्टर म्हणून ड्रायव्हर आणि घरगडी, धंदा काय ते विचारलं की ट्रेडिंग, कशाची ट्रेडिंग ते सांगता येत नाही, आणि फी दुप्पट घ्या पण लवकर करा म्हणतो. हे लोक सीएच्या सहीनेच आत शिरतात, म्हणून एफएटीएफ या मनी लाँड्रिंगविरोधी आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांत अकाउंटंट आधीपासून आहेत. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांची टीम भारतात तपासणीला आली होती, त्याच वर्षी इतकी नोटिफिकेशनं का निघाली हे त्यावरून समजून घ्या. बाकी आजोबांच्या नावाच्या लाइट बिलाचं दुःख खरं आहे, त्यावर माझ्याकडेही औषध नाही.

बडोद्याची_सून:
मी बडोद्याला असते, माहेर इंदूर. आमच्याकडे मागच्या वर्षी ट्रस्टच्या कामात हेच सगळं झालं म्हणून कामाच्या गोष्टी सांगते. आधार पूर्ण देऊच नको, आधारच्या साइटवरून मास्क केलेलं काढ, त्यात शेवटचे चार आकडेच दिसतात. आणि ती पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या फॅमिली ग्रुपवर टाकून तिथूनच फॉरवर्ड करू नको गं, तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, आमच्या ग्रुपवर तर सगळ्यांचे वाढदिवसही आहेतच केकच्या फोटोसकट. ईमेलने पाठव नाहीतर सरळ ऑफिसात नेऊन दे. झेरॉक्सवर तिरपं लिहायचं, फक्त एलएलपीच्या कामासाठी, तारीख आणि सही, पण फोटोवर आणि नंबरवर नको नाहीतर परत मागतात.

बाबांच्या पत्त्याला राजेंद्र नगरचं लाइट बिल चालतं, २ महिन्यांच्या आतलं पाहिजे, पोस्टपेड मोबाइलचं किंवा पाइप गॅसचंही चालतं, नाहीतर घरपट्टीची पावती. फक्त मग ३ महिन्यांत नवीन पत्त्याचं आधार वगैरे नेऊन द्यावं लागतं, तेव्हा आजच आधारला अर्ज टाकून ठेव.

रामबागची_लेक:
थँक्यू सगळ्यांना, बाबा थोडे शांत झालेत, म्हणाले मग त्याने फोन करून सांगायचं होतं, मेसेज काय पाठवतो. त्यातही तथ्य आहे म्हणा. अजून दोन प्रश्न. त्यांच्या स्टाफने समग्र आयडी पण मागितलाय, तो लागतो का? आणि काकूंचं लग्नात नाव बदललं, माहेरचं कुसुम आणि सासरचं सुनंदा, आडनावही अर्थात वेगळं. आधार, पॅन नवीन नावाने आहेत पण काकूंनी जुना पासपोर्टही फाइलीला लावून दिलाय आणि आता ऑफिसवाले विचारतात ही कुसुम कोण.

ताळेबंद_भिया:
समग्र राज्य सरकारच्या योजनांसाठी आहे, या कामाला नाही. ओळखीला चालतात ते म्हणजे पासपोर्ट, लायसन्स, आधार, वोटर कार्ड, नरेगाचं कार्ड आणि लोकसंख्या नोंदणीचं पत्र. पॅन वेगळं लागतंच. स्टाफकडे एकच छापील यादी असते ती सगळ्यांना जाते, सरळ सांगा देणार नाही.

काकूंचं सोपं आहे. जुन्या नावाचा कागद चालवायचा असेल तर मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेट जोडावं लागतं. पण ओळखीचा एकच कागद पुरतो आणि त्यांचं आधार सुनंदा नावाने आहे ना, मग तो पासपोर्ट परत मागून घ्या, कुसुमचा विषयच येत नाही. आणि सीएला म्हणावं बाबांना एक फोन कर.