म्हाताऱ्या सशाचा डोळा सारखा चिघळतोय, भूल देऊन तपासणी करावी का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहितेय. आमचा भुऱ्या, नर ससा, न्यूटर केलेला, वय नऊच्या पुढे. गेलं वर्षभर त्याच्या डाव्या डोळ्याचं एकच रडगाणं चालू आहे. आधी डोळा नुसता पाणावतो, मग आतल्या कोपऱ्यात दुधासारखं पांढरट चिकट काहीतरी साचतं, सकाळी चिपडांनी पापणी चिकटलेली असते, गालावरचे केस भिजून त्यांच्या गाठी होतात आणि खालची कातडी लालेलाल. व्हेटकडे नेलं की अँटिबायोटिक ड्रॉप्स मिळतात, ते घातले की डोळा लख्ख, थांबवले की थोड्या दिवसांनी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. ड्रॉप्स बदलून झाले, ट्यूब झाली, तरी तेच.

डोळ्यात तो चमकणारा रंग घालून तपासलंय, बुबुळावर जखम नाही. उजवा डोळा ठीक आहे. शिंका क्वचित. खाणं चालू आहे म्हणजे पेलेट्स आणि कोवळा पाला आवडीने खातो, सुक्या गवताकडे मात्र हल्ली फारसा फिरकत नाही, वयामुळे असेल. लेंड्या पूर्वीपेक्षा बारीक वाटतात पण होतात. मागचे पाय आखडलेत त्यामुळे पुढचे पंजे उचलून तोंड पुसायला बसला की तोल जातो, मग काम अर्धवट टाकून उठतो. त्याची जोडीदारीण गेल्या वर्षी गेली, तेव्हापासून एकटाच आहे.

आता दुसऱ्या एका व्हेटना दाखवलं तर त्या म्हणतात की नुसते ड्रॉप्स घालत बसू नका, कवटीचा एक्स-रे काढू आणि अश्रूनलिका फ्लश करू, गरज पडली तर भूल द्यावी लागेल. आधीचे डॉक्टर म्हणतात एवढ्या वयात भूल कशाला, ड्रॉप्स चालू ठेवा. घरात दोन तट पडलेत. मला नुसतं "डॉक्टर सांगतील ते करा" नकोय कारण दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतायत 😔 कुणी म्हाताऱ्या सशाचं असं काही निभावलंय का? फ्लश म्हणजे नक्की काय करतात, त्याला दुखतं का, आणि तोपर्यंत घरी काय करू?

---

गवताळ:

ताई, तुम्ही जाता जाता लिहिलंय ना की सुक्या गवताकडे फिरकत नाही, माझ्या मते सगळं तिथेच आहे. डोळा बाजूला ठेवा आणि दात बघा.

सशाचे सगळे दात, म्हणजे २८ च्या २८, आयुष्यभर वाढत राहतात, मागच्या दाढासुद्धा. गवत चावून ते झिजतात. झीज कमी पडली की दात वरच्या बाजूने तर वाढतोच पण मुळाच्या बाजूनेही हाडात घुसत जातो. आता डोळ्यातलं पाणी नाकात नेणारी जी नळी असते ती सशात वरच्या दाढांच्या आणि पुढच्या दातांच्या मुळांना अगदी चिकटून जाते, तिला वळणं आहेत आणि पुढच्या दाताच्या मुळापाशी ती फार अरुंद होते. मूळ लांबलं की नळी चेपते, पाणी तुंबतं, तुंबलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि तो पांढरा पू उलटा डोळ्यात येतो. वर पुन्हा सशाला प्रत्येक डोळ्याला नळीचं एकच तोंड असतं, खालच्या पापणीत. आपल्याला वर एक खाली एक अशी दोन असतात, त्याला तीही सोय नाही.

म्हणून ड्रॉप्सनी बरं वाटतं आणि परत येतं. ड्रॉप्स डोळ्यातले जंतू मारतात, पण तुंबलेल्या नळीत खोलवर पोचत नाहीत. मोरी तुंबलेली असताना वरून फिनाईल ओतल्यासारखं आहे ते.

एक करा, भुऱ्या शांत असताना त्याच्या खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवा, दोन्ही बाजूंनी. कड गुळगुळीत लागायला हवी. खडबडीत किंवा उंचवटे लागले तर मुळं लांबलीयत असं समजा. मात्र काही लागलं नाही म्हणून दात ठीक आहेत असं नव्हे, वरची मुळं बोटाला कळत नाहीत, त्याला एक्स-रेच लागतो.

---

पाहुणा:

इतकं टेन्शन घेऊ नका. आमच्या मांजरीला असंच झालेलं तेव्हा घरात माणसांचे डोळ्याचे ड्रॉप्स पडले होते, स्टिरॉइडवाले, ते घातले आणि लाली लगेच उतरली. ट्राय करून बघा.

---

लांबकान:

@पाहुणा, राग मानू नका पण हे कृपया कुणी करू नका. लाली उतरते हे खरं, पण म्हणूनच फसायला होतं. बुबुळावर बारीक जखम असेल तर स्टिरॉइडने ती भरत नाही, उलट खोल जाऊन डोळा फुटू शकतो. शिवाय ससे स्टिरॉइडला मांजर-कुत्र्यांपेक्षा खूप जास्त संवेदनशील, डोळ्यात घातलेलंसुद्धा अंगात शोषलं जातं आणि प्रतिकारशक्ती दबते. जंतुसंसर्ग चालू असताना तर नकोच नको. जुन्या ड्रॉप्सच्या बाटलीवर नुसतं ब्रँडचं नाव बघून घालू नका, आत काय आहे ते वाचा, बऱ्याच कॉम्बिनेशनमध्ये अँटिबायोटिकबरोबर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड असतं.

आणि विषय निघालाच आहे तर, अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिनसारखी औषधं सशाला तोंडाने कधीच द्यायची नाहीत. पोटातले चांगले जंतू मरून वाईट वाढतात आणि ससा त्यात दगावतो. एखाद्याने कुत्र्याच्या हिशोबाने लिहून दिलं तर थेट विचारा की हे सशाला चालतं का. विचारायला लाजू नका, सशांचं काम रोज करणारे व्हेट मुळात कमी.

बाकी गवताळ यांच्याशी सहमत. त्या दुसऱ्या डॉक्टर बरोबर सांगतायत.

---

धागाकर्ती:

धन्यवाद सगळ्यांना. जबडा चाचपला, डाव्या बाजूला खाली दोन ठिकाणी बारीक टेंगळं लागतायत, उजवीकडे एक, तेही शंकास्पद. म्हणजे दातच म्हणायचे का? पण तो पेलेट्स तर कराकरा खातो हो, दात दुखत असतील तर असं खाईल का?

---

गवताळ:

खातो. पेलेट कुस्करायला वर-खाली चावणं पुरतं, गवताला दाढा आडव्या घासाव्या लागतात आणि दुखतं ते तिथे. ससा दुखणं लपवण्यात पटाईत, शिकार होणारा प्राणी आहे शेवटी. गवत सोडून मऊ खाणं, लेंड्या बारीक होणं, हनुवटी ओली राहणं, ही सगळी दाताचीच लक्षणं. वजन करताय का? नसाल तर आजपासून स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला करा आणि लिहून ठेवा, म्हातारा ससा केसांमुळे गुबगुबीत दिसतो आणि खाली हाडं लागत असतात.

---

जुनी_खोड:

मी एक वेगळंच सांगते. जोडीदारीण गेली तेव्हापासून डोळा बिघडला असं तुम्हाला वाटतंय, पण कदाचित डोळा आधीपासूनच गळत असेल. जोडीतले ससे एकमेकांचं तोंड आणि डोळे चाटून साफ ठेवतात. आमच्याकडे म्हातारा होता त्याचा डोळा त्याची बायको दिवसातून कितीदा तरी चाटायची, आम्हाला वाटायचं काय प्रेम आहे, आणि व्हेट म्हणाले अहो त्याच्या डोळ्याला खारट पाणी येतंय ते ती चाटतेय 😄 तिला थोडे दिवस वेगळं ठेवावं लागलं तेव्हा खरा प्रकार दिसला. त्यामुळे दुखणं वर्षभराचंच आहे असं धरून चालू नका, डॉक्टरांनाही हे सांगा.

आता तिचं काम तुम्हाला करावं लागणार. कोमट सलाइनमध्ये भिजवलेला गॉज किंवा मऊ सुती कपडा आधी पापणीवर थोडा वेळ नुसता टेकवून ठेवा म्हणजे चिपडं भिजतात, वाळलेली ओढून काढली तर केसांबरोबर कातडीही येते. मग आतल्या कोपऱ्यातून बाहेर, एकदा पुसलं की तो तुकडा टाकून नवा. शेवटी गाल कोरडा करणं सगळ्यात महत्त्वाचं, हे बहुतेक लोक विसरतात. ओलं राहिलं की कातडी सोलवटते, आणि घरात माश्या असतील तर त्या अंडी घालतात, ते फारच भयंकर. गाठी झालेले केस कात्रीने घरी कापू नका, सशाची कातडी पातळ असते, पटकन कापली जाते.

ड्रॉप्स घालताना टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घ्या, मागचे पाय नीट आवळून, उताणा मात्र करू नका. उताणा ससा शांत दिसतो तो घाबरून थिजलेला असतो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, आधी थेंब मग मलम. आणि गळ्यात ती प्लॅस्टिकची कॉलर शक्यतो नको, सशाला स्वतःच्या मऊ लेंड्या थेट खाव्या लागतात, कॉलरने ते बंद होतं.

बसायची जागा पण बघा. लघवीचा ट्रे रोज बदलला नाही तर अमोनियाच्या वाफेने डोळे चुरचुरतात आणि आखडलेला म्हातारा ससा नेमका तिथेच जास्त वेळ बसून राहतो. धुळकट गवत असेल तर बाहेर नेऊन झटकून मग द्या.

---

लांबकान:

भूल याबद्दल तुम्ही विचारलं होतं ते राहिलंच. भीती खोटी नाही. २००८ साली ब्रिटनमधल्या दवाखान्यांच्या एका मोठ्या अभ्यासात भुलीशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, मांजरांत ०.२४ आणि सशांत १.३९ टक्के निघालं होतं. पण त्यात आधीपासून आजारी असलेले ससेही धरलेत, धडधाकट सशांचं प्रमाण जवळपास निम्मं होतं. म्हणजे वयापेक्षा ससा आत्ता कसा आहे यावर जास्त आहे. आधी रक्त तपासून घ्या, किडनी-लिव्हर बघायला. आणि एक खूणगाठ बांधा, सशाला उलटी होत नाही त्यामुळे त्याला कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. कुणी "रात्रीपासून काही देऊ नका" म्हणालं तर सशांचा अनुभव किती आहे असं सरळ विचारा.

फ्लशला मात्र दरवेळी भूल लागतेच असं नाही. शांत ससा असेल तर डोळा बधिर करणारे थेंब घालून, खालच्या पापणीतल्या त्या भोकात बारीक बोथट नळी घालून सलाइन सोडतात. नळी मोकळी असेल तर ते नाकातून बाहेर येतं, पू आला तर तोही दिसतो. जे बाहेर येईल त्याचं कल्चर (त्यात कोणते जंतू वाढतात ते बघायची लॅबमधली तपासणी) करून घ्या, नुसत्या पापणीवरच्या चिपडांचं नको, कारण निरोगी सशाच्या पापणीवरही जंतू सापडतात आणि त्यातून दिशाभूल होते. सँपल घ्यायच्या आधी अँटिबायोटिक थांबवायचं का, किती दिवस, हे डॉक्टरांनाच विचारा, मनाने थांबवू नका.

---

धागाकर्ती:

अपडेट. रक्त ठीक आलं, किडनी थोडी काठावर पण डॉक्टर म्हणाल्या चालेल. हलकी गुंगी देऊन एक्स-रे आणि फ्लश दोन्ही एकदमच उरकलं. डाव्या वरच्या पुढच्या दाताचं मूळ लांबलंय आणि नळी तिथेच अडलीय, दाढांना टोकं आली होती ती घासून दिली. फ्लश करताना आधी काहीच पुढे जाईना मग हळूहळू नाकातून दह्यासारखं घट्ट काहीतरी आलं, मी बघत होते, मला भोवळच आली. संध्याकाळी घरी येऊन त्याने कोथिंबिरीसारखा मऊ पाला खाल्ला, लेंड्या रात्री झाल्या. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम दिलंय आणि गंमत म्हणजे त्याने पायांची आखडही कमी झाल्यासारखी वाटतेय, आज पूर्ण तोंड धुतलं त्याने!

डॉक्टर म्हणाल्या काही दिवसांनी परत फ्लश करू. म्हणजे हे कायमचं बरं होणार नाही का?

---

गवताळ:

वा, मस्त बातमी! खरं सांगायचं तर लांबलेलं मूळ परत आखूड होत नाही, त्यामुळे पूर्ण बरं होईल अशी आशा धरू नका. सुरुवातीला थोड्या थोड्या दिवसांनी फ्लश लागतात, मग नळी मोकळी राहायला लागली की अंतर वाढतं. काहींची नळी कायमची बुजते, मग रोज पुसत राहणं एवढंच उरतं, तसेही ससे मजेत जगतात. मेलॉक्सिकॅम चालू आहे आणि किडनी काठावर आहे तर पाणी भरपूर पितोय ना बघा, बाटलीऐवजी वाडगा ठेवा, आणि पुढची रक्ततपासणी कधी ते आत्ताच विचारून ठेवा. दाढा आता घासल्यात तर तोंड शांत झाल्यावर गवत परत सुरू करायचा प्रयत्न करा, वेगवेगळ्या जातींचं मऊ सुकं गवत मिळतं, पेलेट्स हळूहळू कमी. एकदम बंद करू नका.

---

लांबकान:

फक्त एवढं लक्षात असू द्या की पुढच्या फ्लशच्या तारखेची वाट न बघता लगेच कधी पळायचं. डोळा घट्ट मिटून बसला, बुबुळ निळसर किंवा धुरकट दिसलं, बुबुळाच्या आत पांढरा ठिपका आला, डोळा पुढे आल्यासारखा वाटला (मागे गळू असू शकतं, सशाचा पू घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही) तर त्याच दिवशी. आणि दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या तर डोळा राहू दे बाजूला, ती पोटाची इमर्जन्सी, रात्र असली तरी न्या.

---

धागाकर्ती:

हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलंय. वाडगा ठेवला, बाटलीपेक्षा दुप्पट पितोय. पुढचा फ्लश झाला की इथेच लिहीन.