मदत हवी आहे: घारापुरीच्या अर्धनारीनटेश्वराचं उलटं छापचित्र

नमस्कार. माझ्याकडे एकोणिसाव्या शतकातलं एक सुटं छापचित्र आहे, बहुधा पुस्तकातून निघालेलं. खाली इंग्रजीत 'एलिफंटाची अ‍ॅमेझॉन' एवढंच. चित्रकाराच्या आणि कोरणाऱ्याच्या नावाची कडा कापलेली आहे. ही मूर्ती घारापुरीच्या मुख्य लेण्यातला अर्धनारीनटेश्वरच, यात मला शंका नाही. एकच स्तन पाहून जुने युरोपीय प्रवासी तिला अ‍ॅमेझॉन, म्हणजे ग्रीक कथांतली एकाच स्तनाची लढवय्यी स्त्री, समजत.

अडचण पुढे आहे. लेण्यात त्रिमूर्तीसमोर उभं राहिलं की हे शिल्प आपल्या डाव्या हाताला येतं. त्यात डावीकडे शिवाचं अंग, नंदीवर टेकलेला हात, मागच्या हातात नाग. उजवीकडे पार्वतीचं अंग, मागच्या हातात आरसा, वर गरुडावर विष्णू. माझ्या चित्रात नंदी उजवीकडे आणि स्तन, आरसा, गरुड सगळं डावीकडे!

पत्र्यावर चित्र सुलट कोरलं तर छाप उलटा उमटतो, हे ठाऊक आहे. पण समोर मूर्ती पाहून रेखाटणारा आणि कसबी कोरणारा याची काळजी घेतोच. म्हणून मला वाटतं, कोरणाऱ्याने लेणं पाहिलेलंच नाही. आधीचं एखादं छापील चित्र समोर ठेवून जसंच्या तसं पत्र्यावर उतरवलं असावं. आरशाकडे पाहून हा संशय बळावतो. त्याला जाड कडा आणि मध्ये फुगवटा काढलाय, म्हणजे चक्क ढाल केलीय! लढवय्यीच्या हाती ढालच शोभणार. शिवाय मूळ मूर्तीचे पाय बरेच फुटलेत, चित्रात ते अखंड आहेत.

कागदावर पत्र्याच्या कडेचा दाब स्पष्ट दिसतो. भिंगाखाली लिथोग्राफसारखा (दगडावरून छापलेल्या चित्रासारखा) रवा नाही, नुसत्या बारीक, दाट रेषा. पत्रा पोलादी असेल तर काळ १८२० नंतरचा धरावा का? रेषांवरून तांबं की पोलाद हे खात्रीने ओळखता येतं का?

मुख्य विनंती: अठराव्या शतकातला युरोपीय प्रवासी नीबूर याच्या प्रवासवर्णनातली किंवा मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या १८१९ च्या खंडात अर्स्किनच्या घारापुरीवरच्या लेखासोबत आलेली चित्रं कुणाला पाहता येतील का? त्यांत ढाल धरलेली, पण सुलट मूर्ती असेल तर मूळ सापडलं. नसेल तर आणखी कुठली जुनी चित्रं ताडून पाहू?