पहिल्यांदाच पीठासीन अधिकारी, मॉकपोलच्या दीड तासात नेमकं कुठे अडकायला होतं?

राजेंद्रनगरकर | ६ मे २०२४
नमस्कार मंडळी. १३ मेला आपल्या इंदूरचं लोकसभेचं मतदान आहे आणि या वेळी मला पीठासीन अधिकारी, म्हणजे बूथचा प्रमुख म्हणून ऑर्डर आलीय. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला मी पी-२ (दुसरा मतदान अधिकारी) होतो, म्हणजे शाई लावायची आणि रजिस्टरवर सही घ्यायची, मशीनकडे बघायची वेळच आली नाही. ट्रेनिंग दोन झाली पण गर्दी इतकी की मशीनला हात लावायला मिळाला तो जेमतेम मिनिटभर. पुस्तिका दोनदा वाचून काढली, काय करायचं ते सगळं आहे त्यात, पण कोणत्या कामाला खरा वेळ लागतो ते वाचून कळत नाही हो. मतदान ७ ला सुरू, मॉकपोल, म्हणजे एजंटांसमोर मशीनची चाचणी म्हणून घ्यायचं खोटं मतदान, त्याच्या ९० मिनिटं आधी म्हणजे साडेपाचला. १२ तारखेला संध्याकाळी बूथवर पोचल्यावर रात्रीच काय काय उरकून ठेवू? आणि उमेदवार १४ असले तरी बूथवर बसणारे त्यांचे प्रतिनिधी, म्हणजे एजंट, किती येतील सांगता येत नाही, कुणीच नाही आलं तर मॉकपोल थांबवून ठेवायचा का?

रामबागचे_काका
अभिनंदन आणि घाबरू नका. मी बँकेत होतो, रिटायर होईपर्यंत बऱ्याच निवडणुका केल्या, त्यातल्या चार पीठासीन म्हणून. माझं एकच सांगणं, खोली रात्रीच पूर्ण लावून टाका. सकाळी बाकं ओढत बसलात तर साडेपाचचे सहा कसे होतात कळत नाही.

आधी आत येण्याचा आणि बाहेर जायचा रस्ता ठरवा, दोन दारं असतील तर उत्तम, एकच असेल तर मधे दोरी बांधा. मग मतदान कक्ष, म्हणजे तो पुठ्ठ्याचा आडोसा, कुठे ठेवायचा ते बघा. खिडकीला लागून नको, बाहेरून कुणी डोकावता कामा नये. आणि वर ट्यूबलाइट किंवा बल्ब बरोबर डोक्यावर नको, व्हीव्हीपॅटला (मताची चिठ्ठी छापून दाखवणारं मशीन) थेट उजेड चालत नाही, आतल्या सेन्सरवर परिणाम होतो आणि मशीन एरर दाखवतं. रात्री दिवे लावून एकदा बघा आणि सकाळी ऊन कुठून येणार त्याचाही अंदाज घ्या. खिडकी झाकायची असेल तर कोरा कागद लावा, वर्तमानपत्र नको, त्यात पुढाऱ्यांचे फोटो असतात.

भिंती पण बघा. प्राथमिक शाळेच्या वर्गात फुलांचा तक्ता असतो त्यात कमळ असतं, हात धुण्याच्या पोस्टरवर पंजा असतो. पक्षाचं चिन्ह वाटेल असं काहीही दिसता कामा नये, तक्ता काढून ठेवा किंवा उलटा टांगा. हे रात्री सुचतं, सकाळी एजंटने बोट दाखवलं की धावपळ होते.

एजंटचं म्हणाल तर वेगवेगळ्या उमेदवारांचे किमान दोन असावेत असा नियम आहे. नसतील तर १५ मिनिटं थांबायचं, मग आपल्या पार्टीला, म्हणजे बूथवरच्या आपल्या कर्मचाऱ्यांना घेऊन सुरू करायचं, आणि मॉकपोलच्या प्रमाणपत्रात जे झालं ते तसं लिहायचं. त्याहून जास्त थांबू नका.

सुदामानगर_९०
काकांनी मस्त सांगितलं. मी म्हणेन रात्रीच मशीन जोडून एकदा चालू करून बघा ना, सकाळी टेन्शन राहत नाही, बिघाड असला तर रात्रीच बदलून मिळेल.

पिंकबूथवाली
नाही हो, हे अजिबात करू नका. @राजेंद्रनगरकर दादा, याच्यासाठीच मुद्दाम लॉगिन केलं. सामान वाटतात तिथेही मशीन चालू करून बघायचं नाही आणि बूथवर रात्रीही नाही. नेहरू स्टेडियमवर सामान घेताना फक्त नंबर जुळवा, सीयू (आपल्याकडचं कंट्रोल युनिट), बीयू (मतदार बटण दाबतो ते बॅलट युनिट) आणि व्हीव्हीपॅट तिन्हींचे, पत्रकावरचे आणि मशीनवरचे, आणि सील नीट आहेत ना ते बघा. व्हीव्हीपॅटच्या मागे एक खटका असतो, प्रवासात तो आडवा असतो. तो सकाळी जोडताना उभा करायचा, घाईत हेच राहून जातं आणि मग मशीन खराब आहे म्हणून फोन सुरू होतात.

जोडायचा क्रम पाठ करा. बीयूची वायर व्हीव्हीपॅटला, व्हीव्हीपॅटची सीयूला, सगळं जोडून झालं की मगच सीयूचं बटण. वायर काढायची किंवा लावायची असेल तर आधी सीयू बंद. सुरू झाल्यावर सीयूवर तारीख वेळ दिसते ती घड्याळाशी ताडून बघा, फरक असेल तर लिहून ठेवा, दुरुस्त करायला जाऊ नका.

आता वेळ कुठे जातो ते. किमान ५० मतं टाकायची आणि प्रत्येक उमेदवाराला, शिवाय नोटाला. आपल्याकडे १४ उमेदवार आणि नोटा मिळून १५ बटणं, प्रत्येकाला ३ दिली की ४५ होतात, वरची ५ कुणालाही. ज्यांचे एजंट नाहीत त्यांची मतं आपल्याच माणसाने टाकायची. चिठ्ठी काचेत ७ सेकंद दिसते, मग कापून खाली पडते, म्हणजे नुसती मतं टाकायलाच पंधरा मिनिटं धरा. एकजण वहीत टिपत बसलाच पाहिजे, कोणाला किती दिली, ती वही नसेल तर नंतर जुळवणार कशाशी? मग सीयूवरची बटणं, आधी क्लोज, मग रिझल्ट, तो एजंटांना मोठ्याने वाचून दाखवा, चिठ्ठ्या मोजून त्याच्याशी जुळवा, आणि मग क्लिअर, म्हणजे मॉकपोलची मतं पुसायची. क्लोज, रिझल्ट, क्लिअर, रात्री झोपताना हेच तीन शब्द म्हणत झोपा.

क्लिअर झाल्यावर टोटल दाबून शून्य दाखवा, मग सीयू बंद करून व्हीव्हीपॅटमध्ये एकही चिठ्ठी राहिली नाही ना ते बघा. डबा रिकामा आहे हे एजंटांना वाकून बघायला लावा. चिठ्ठ्यांच्या पाठीवर मॉकपोलचा शिक्का मारायचा, काळ्या लिफाफ्यात घालून लिफाफा बंद करायचा, तो प्लॅस्टिकच्या डब्यात आणि त्याला गुलाबी कागदी सील. ५० शिक्के मारायला पण वेळ जातो, शाईचं पॅड कोरडं निघालं तर आणखी जातो, म्हणून रात्री पॅड तपासा.

हे मी इतकं ओरडून सांगतेय कारण एका निवडणुकीत आमच्या शेजारच्या खोलीत क्लिअर करायचं राहिलं. लाइन लागली होती, लोक आवाज देत होते, त्या बिचाऱ्या सरांनी थेट मतदान सुरू केलं. रजिस्टरमध्ये जेवढे मतदार त्याच्यापेक्षा मशीनमध्ये ५० जास्त, कधी लक्षात आलं तर दुपारी. ते सर रात्री उशिरापर्यंत लेखी देत बसले होते आणि त्यांचा चेहरा अजून माझ्या डोळ्यासमोर आहे. अशी मशीन मोजणीला बाजूला ठेवावी लागते आणि गरज पडली तर चिठ्ठ्या मोजून निकाल काढतात. लोक उन्हात उभं राहून मत देऊन गेलेत, त्यांच्या मतावर आपल्यामुळे शंका यावी हे मला सहनच होत नाही.

तिलकनगर_एजंट
मी एजंट म्हणून बसतो, आमच्या बाजूनेही सांगतो. आम्हाला साडेपाचला बोलावलं तर आम्ही येतो भिया, पण आत आल्यावर नीट बसवा. मतदाराचा चेहरा दिसेल अशी जागा द्या, कक्षाच्या आतलं दिसेल अशी नको. सीयूला लावायच्या हिरव्या कागदी सीलचा नंबर वाचून दाखवा, आम्ही तो लिहून घेतो आणि सीलवर सही करतो, कारण मोजणीच्या टेबलावर आमचा माणूस तोच नंबर बघणार असतो. गेल्या वेळी एका बूथवर भराभर सील लावून मोकळे झाले आणि सही विसरले, मग आम्ही वाद घातला आणि पाऊण तास गेला. आमचाही पाऊण तास आणि मतदारांचाही.

रामबागचे_काका
एजंट साहेब बरोबर बोलले. हिरवं सील पातळ असतं, फाटू शकतं. फाटलंच तर दुसरं लावा पण फाटलेलं फेकू नका, सीलचा हिशोब १७-सी मध्ये, म्हणजे मतांच्या हिशोबाच्या फॉर्ममध्ये द्यावा लागतो, किती मिळाले किती वापरले. आणि लाख वितळवताना पंखा बंद करा, नाहीतर मेणबत्ती टिकत नाही. मेच्या उकाड्यात ती पाच मिनिटं सोसायची.

राजेंद्रनगरकर
सगळं वहीत उतरवून घेतलं. एक राहिलं, मॉकपोलच्या मधेच मशीन बिघडलं तर?

पिंकबूथवाली
मॉकपोलमध्ये जे युनिट बिघडलं तेवढंच बदलायचं. खरं मतदान सुरू झाल्यावर मात्र सीयू किंवा बीयू गेलं तर अख्खा सेट बदलतो, फक्त व्हीव्हीपॅट गेलं तर एकटं व्हीव्हीपॅट. सेक्टर ऑफिसरचा (आपल्या भागातल्या बूथांवर देखरेख करणारा अधिकारी) नंबर फोनमध्ये पहिला ठेवा आणि पार्टीतल्या चौघांकडे पण असू द्या. आणि उशीर अजिबात नको, नोव्हेंबरमध्ये छप्पन दुकान या खाऊगल्लीतल्या दुकानदारांनी नऊच्या आत मत देणाऱ्यांना फुकट पोहे-जिलबी ठेवली होती, त्या दिवशी आमच्याकडे पावणेसातलाच लाइन दाराबाहेर गेली होती.

राजेंद्रनगरकर | १५ मे २०२४
परवा रात्री सामान जमा करून घरी आलो, काल दिवसभर झोपलो, आता लिहितोय. खोली रात्रीच लावली. ट्यूबलाइट बरोबर कक्षाच्या वर होती, कक्ष दुसऱ्या कोपऱ्यात नेला. फुलांचा तक्ता खरंच होता काका, कमळासकट, उलटा केला. सकाळी ५:३० ला एकच एजंट, दुसरे ५:४० ला आले, मग सुरू केलं. सीयूचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं, लिहून ठेवलं. आमच्या पी-१ ना (पहिले मतदान अधिकारी) मी आधीच सांगून ठेवलं होतं की क्लिअर केल्यावर मला मोठ्याने विचारा, "सर, क्लिअर?" त्यांनी विचारलं, मी टोटल दाबलं, शून्य, दोन्ही एजंटांनी बघितलं. चिठ्ठ्या ५० मोजल्या तर ४९ भरल्या, पोटात गोळाच आला. परत मोजल्या, दोन एकमेकींना चिकटल्या होत्या. सील ६:४० ला पूर्ण झाली, मग सीयू परत चालू करून एजंटांना पुन्हा शून्य दाखवलं. ७ ला दार उघडलं तेव्हा पहिल्या आजी नातवाचा हात धरून उभ्या होत्या, त्यांना खुर्ची द्यायची ती आधीच बाहेर काढून ठेवली होती.