मदत हवी आहे: मे अखेरीस पचमढी, लहानथोर मिळून २४ जण

इंदूरहून रात्रीच्या जबलपूर गाडीने पिपरिया, पुढे सुमारे ५० किमी रस्ता, शेवटी घाट. तिथे फिरायला उघड्या जीप (जिप्सी) घ्याव्या लागतात, एका जिप्सीत सहा जण धरले तर चार गाड्या लागतील. धूपगड शिखरावरचा (१३५२ मी.) सूर्यास्त पक्का, वर वारा असतो, आजी-आजोबांना शाल हवीच.

अडचण बी फॉल धबधब्याची. पायऱ्या उतरताना काही वाटत नाही, पण भर उन्हात चढताना गुडघे बोलायला लागतात. म्हणून ऊन तापायच्या आत आटोपायचं आहे. उन्हाळ्यात धार बारीक होते. तरी मुलांना डुंबण्याइतकं पाणी असतं का, की सरळ अप्सरा विहारच्या उथळ डोहाकडे न्यावं? जिप्सीचे पैसे ठिकाणांवर ठरतात की दिवसावर? आदल्या संध्याकाळी चारही जिप्सी एकदम ठरवता येतात का? (पोहे, जिरावण मसाला, शेव सोबत आहे, खाण्याची काळजी नको.)