मोडीचा गट आहे, शिक्षक नाही. पत्रवाचन कसं बसवावं?

लेखणीदौत: आम्ही नऊ जण टेलिग्रामवर मोडी शिकतोय. बाराखडी झाली, सुटे शब्द लागतात, पत्र समोर आलं की अडतं. एक जण काहीतरी वाचतो, बाकीचे "हो, तसंच दिसतंय" म्हणतात आणि ध चा मा सर्वानुमते मंजूर होतो. शिक्षक मिळणार नाही हे धरून सुचवा.

बोरू: पहिल्याचं वाचन दिसलं की बाकीच्यांनाही तेच दिसू लागतं. म्हणून वाचन आधी गटात टाकूच नका. बाळबोध (देवनागरी) लिप्यंतर छापलेलं आहे असंच पत्र घ्या. लिप्यंतर एकाकडे; त्या आठवड्यात तो वाचणार नाही. आठ ओळी पुरे, जास्त घेतल्या की लोक गळतात. गुरुवारपर्यंत ज्याने त्याने आपलं वाचन त्या एकालाच पाठवायचं. अक्षर लागलं नाही तर फुली, अंदाज नको.

रविवारी सगळ्यांची वाचनं ओळीखाली ओळ लावा. वाद झाला तर मतं मोजू नका. 'व' म्हणणाऱ्याने त्याच पत्रातला दुसरा, निर्विवाद 'व' कापून शेजारी ठेवावा. दुसऱ्या हाताच्या पत्रातला चालणार नाही, वळण वेगळं असतं. छापील लिप्यंतर त्यानंतरच उघडा (त्यातही चुका सापडतात!).

पान फोटो म्हणून नको, फाइल म्हणून पाठवा. फोटो दाबला जातो, बारीक फाटे आधी जातात.

शिरोरेघ: बाराखडी येऊनही अडतं, कारण शिरोरेघ आधी सलग ओढलेली असते आणि खाली शब्द तोडलेले नसतात. ह्रस्व-दीर्घावर वेळ घालवू नका, मोडीत तो भेद पाळत नाहीत. आधी मायने पाठ करा: 'विनंती विज्ञापना ऐसीजे', रा॥ म्हणजे राजश्री, मौ॥ म्हणजे मौजे. ठरीव मजकूर ओळखला की त्या हाताची दहा-बारा अक्षरं आयती मिळतात, पुढे तीच ताडायला वापरा.

टाक: तारीखही वाचन तपासून देते. शुहूर सन (जुन्या मराठी पत्रांतलं, मृगापासून सुरू होणारं वर्ष) अरबी संख्याशब्दांत, एककापासून लिहितात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १+६०+१००+१०००, ११६१. इसवी सन काढायला, जानेवारी ते मे असेल तर ६०० मिळवा, मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९. पानिपताचा जानेवारी १७६१ बरोबर येतो. 'सितैन'चं 'सबैन' वाचलंत तर भाऊसाहेब पानिपतानंतर दहा वर्षांनी पत्र लिहिताना सापडतील.