पॅरा कमांडो आणि एनएसजी एकच का?

गोंधळलेला_मामा: भाचा सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षेची तयारी करतोय, त्याला पॅरा एसएफ (स्पेशल फोर्सेस, म्हणजे पॅरा कमांडो) मध्येच जायचंय. मी म्हटलं, म्हणजे ते काळ्या कपड्यातले ना? तर पोरगं हसलं. कुणी नीट सांगेल का?

चहाबाज: काळे कपडे एनएसजीचे, म्हणजे नॅशनल सिक्युरिटी गार्डचे. ती १९८४ची, गृहमंत्रालयाखाली. ओलीस सोडवणं, विमान अपहरण अशी कामं. पॅरा एसएफ सैन्यातली.

निवृत्त_तोफची: मामा, हसला तर हसू दे, फरक खरंच मोठा आहे. पॅरा एसएफची सुरुवात १९६५च्या युद्धात. गार्ड्स रेजिमेंटच्या मेजर मेघसिंग यांनी स्वखुशीने आलेली माणसं घेऊन शत्रूच्या पिछाडीला छापे मारले. ती 'मेघदूत फोर्स'. त्यातूनच १९६६ला ९ पॅरा कमांडो ही बटालियन उभी राहिली, पुढच्या वर्षी तिच्यातून वाळवंटासाठी १० पॅरा.

आता काम काय, तर मी तोफखान्यातला, मला मंढोलचा छापाच कळतो. डिसेंबर १९७१, पूंछ. डोंगराआडून शत्रूच्या १२२ मिमी तोफा आपल्यावर मारा करत होत्या. ९ पॅराची पोरं रात्री पूंछ नदीच्या गारठ्यात उतरून पलीकडे गेली आणि सहा तोफा सुरुंग लावून उडवून परतली. काही जण परतले नाहीत.

बाकीच्यांना सहा हा आकडा किरकोळ वाटेल. आमच्याकडे तोफ हाच पलटणीचा झेंडा. दसऱ्याला तिला हार घालून पूजा करायचो. एका रात्रीत सहाच्या सहा जाणं काय असतं, ते तोफचीलाच विचारा. शत्रूच्या असल्या तरी ऐकताना माझ्या पोटात गोळा येतो.

चहाबाज: आणि छाछरो? त्याच युद्धात १० पॅरा जीप-जोंगा घेऊन सिंधमध्ये ८० किलोमीटर आत घुसली होती ना?

निवृत्त_तोफची: हो, जयपूरचे महाराज भवानीसिंग कमांडर होते, महावीरचक्र मिळालं त्यांना. वाळू, गाड्या, त्याचे किस्से पुष्कळ आहेत. मला आपली नदीच जवळची.

गोंधळलेला_मामा: मग मरून रंगाची टोपी म्हणजे एसएफ का?

निवृत्त_तोफची: नाही हो, ती साध्या पॅरालाही, म्हणजे एसएफ नसलेल्या छत्रीधारी पलटणींनाही असते. 'बलिदान' बिल्ला बघा, तो फक्त एसएफचा. आणि भाच्याला म्हणावं, आधी सीडीएस काढ.